मधोमध वाकणारं इंजिन : सॅक्सनीतले पाच दिवस

पहिला दिवस, गुरुवार : ड्रेस्डेन

"मामा, आधी चर्च की आधी इंजिन?" स्टेशनातून बाहेर पडता पडता भाचीनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. गेली तीन वर्षं ती इथल्या विद्यापीठात शिकतेय, आणि मामा येणार म्हटल्यावर राजवाडे, चित्रसंग्रह वगैरे तिनं स्वतःहूनच यादीतून काढून टाकले होते. मला बघायचं होतं ते जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांताचं 'चार-के'. कागदावर रोमन आकडा चार आणि पुढं के, बोलताना इथले लोक म्हणतात 'फीअर का'. १८९२ सालचं नॅरोगेजचं टँक इंजिन.

हे वेड कुठून आलं ते आधी सांगून टाकतो. मी मूळचा कुर्डुवाडीचा, आणि आजोबा तिथल्या बार्शी लाइटच्या वर्कशॉपात फिटर होते. बार्शी लाइट म्हणजे १८९७ साली बार्शी आणि बार्शी रोड, म्हणजे आमची कुर्डुवाडी, यांच्यामध्ये धावायला लागलेली अडीच फुटी गाडी. पुढं ती मिरजेपासून लातूरपर्यंत पसरली. आता सगळं ब्रॉडगेज झालंय. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, आणि सॅक्सनीच्या छोट्या गाड्यांचं गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, ७५०. करंगळीच्या रुंदीएवढा फरक! त्यामुळे पुस्तकात या गाड्यांचे फोटो बघताना मला कायम आपल्याच भावकीतलं कुणीतरी दिसायचं.

ड्रेस्डेनचं वाहतूक संग्रहालय योहानेउम नावाच्या जुन्या राजेशाही इमारतीत आहे. बाजूच्या गल्लीत सॅक्सनीच्या राजांची घोड्यावरची मिरवणूक, माइसेनच्या चिनी मातीच्या सुमारे २३,००० फरश्यांवर काढलेली, शंभर मीटरपेक्षा लांब. तिच्यापुढं पर्यटकांची झुंबड. आम्ही बाजूनं आत शिरलो.

आत ९९ ५३५ नंबरचं चार-के उभं होतं. काळं, बसकं, नऊ मीटर लांब. पहिली गोष्ट जाणवली ती चाकं. व्यास ७६० मिलिमीटर, माझ्या मांडीच्याही खाली. एवढ्याशा चाकांवर २७-२८ टनांचा ऐवज. टँक इंजिन असल्यामुळं मागं टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, नाही; पाणी आणि कोळसा सगळं स्वतःच्याच अंगावर, घरदार पाठीवर घेऊन निघालेल्या माणसासारखं.

"पण मामा, यात विशेष काय?" भाचीचा प्रश्न रास्त होता, म्हणून तिला खाली वाकायला लावलं.

सॅक्सनी म्हणजे डोंगर, अरुंद दऱ्या, आणि दरीदरीत सूतगिरण्या, कागद गिरण्या, खाणी. मोठी रेल्वे तिथं नेणं परवडेना, म्हणून १८८१ पासून ७५० मिलिमीटरचे रूळ टाकायला सुरुवात झाली. पुढं हे जाळं ५०० किलोमीटरच्या वर गेलं. पैसे वाचवायचे म्हणून बोगदे टाळले, डोंगर कापणं टाळलं, नदी वळेल तसे रूळ वळवले. काही वळणांची त्रिज्या फक्त ५० मीटर. आता अशा वळणावर इंजिन ताकदवान हवं म्हणजे आस (चाकांची जोडी ज्यावर बसते तो दांडा) जास्त हवेत, आणि आस जास्त झाले की इंजिन वळत नाही. पहिलं मॉडेल, 'एक-के', तीन आसांचं, लवकरच अपुरं पडायला लागलं. दुसऱ्या खेपेला इंग्लंडहून फेअर्ली नावाची दुतोंडी इंजिनं आणली. तिसऱ्या खेपेला क्लोज नावाच्या इंजिनिअरची, दांड्यांनी चाकं वळवायची क्लिष्ट रचना करून पाहिली. ती सांभाळताना वर्कशॉपवाले मेटाकुटीला आले असणार, चित्र बघूनच कळतं. चौथ्या खेपेला जमलं.

जमलं ते असं : बॉयलर एकच, पण त्याच्याखाली दोन स्वतंत्र बोगी, म्हणजे वळू शकणारे चाकांचे सांगाडे, प्रत्येकीला दोन आस, प्रत्येकीला आपापले सिलिंडर. नांगराला बैलांच्या दोन जोड्या एकापुढे एक जुंपाव्यात तशा. वळण आलं की पुढची जोडी आधी वळते, मागची मागून. या रचनेला मायर पद्धत म्हणतात. दोन्ही बोगींचे सिलिंडर इंजिनाच्या पोटाखाली एकमेकांकडे तोंड करून बसवलेले. गंमत म्हणजे वाफ दोनदा वापरली जाते. रसवंतीवाला एकदा पिळलेलं चिपाड दुमडून पुन्हा चरकात घालतो ना, तसंच. बॉयलरमधली ताजी वाफ आधी मागच्या बोगीच्या लहान सिलिंडरांत जाते, तिथं काम करून थकली की पुढच्या बोगीच्या मोठ्या सिलिंडरांत, आणि मग धुराड्यातून बाहेर. मोठे सिलिंडर का, तर थकलेल्या वाफेला पसरायला जागा जास्त लागते.

१८९२ ते १९२१ अशी जवळजवळ तीस वर्षं हे इंजिन बनत राहिलं. एकूण ९६. जर्मनीच्या सरकारी छोट्या लाइनींसाठी दुसरं कुठलंही मॉडेल इतक्या संख्येनं बनलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर काही सोव्हिएत युनियननं भरपाई म्हणून नेली. आज उरलीत बावीस.

९९ ५३५ ला हात लावायला मनाई होती. मी थोडा लावला. थंडगार. दिवाणखान्यात भुसा भरून ठेवलेल्या वाघापुढं उभं राहिल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी भाचीच्या समाधानासाठी फ्राउएनकिर्शे हे चर्च पाहिलं. १९४५ च्या बाँबहल्ल्यानंतर ते कोसळलं, आणि पन्नास वर्षं दगडांचा ढीग तसाच पडून होता. मग १९९४ ते २००५ मध्ये ते पुन्हा बांधलं. ढिगातले जे दगड वापरता आले ते पुन्हा जागेवर बसवले. ते काळे आहेत, नवे पिवळसर. त्यामुळे अख्खी इमारत ठिगळांची दिसते, आजीच्या गोधडीसारखी. मी बराच वेळ बघत बसलो. तेव्हा माहीत नव्हतं की पुढचे चार दिवस हीच गोधडी डोक्यात राहणार आहे.

दुसरा दिवस, शुक्रवार : राडेबॉइल ते राडेबुर्ग

आजचा दिवस थोडक्यात आटोपतो, कारण ज्याच्यासाठी गेलो ते दिसलं नाही.

ड्रेस्डेनहून लोकलनं राडेबॉइल ओस्ट दहा-पंधरा मिनिटांवर. समोरच्याच फलाटावरून छोटी गाडी सुटते, १८८४ पासून. १६ किलोमीटर, रोज, वाफेवर. लोक तिला लाडानं 'लोस्निट्स-डाकेल' म्हणतात. डाकेल म्हणजे तो आखूड पायांचा लांबुडका कुत्रा. वेळापत्रकातल्या रोजच्या गाड्यांना मात्र चार-के लावत नाहीत, ते फक्त खास दिवशी बाहेर काढतात. हे भाचीनं मला महिनाभर आधी सांगितलं होतं म्हणे. मला आठवत नाही.

ओढायला होतं १९५० च्या दशकातलं पाच आसांचं इंजिन, पूर्व जर्मनीच्या काळात बाबेल्सबेर्गला बनलेलं. धिप्पाड, कामसू, पण एका चौकटीत कोंबलेलं. वळणावर कुरकुरत जातं. तरी प्रवास छान. सुरुवातीलाच ड्रेस्डेनची चार नंबरची ट्राम आमचा रूळ ओलांडून जाते आणि वाफेच्या गाडीसाठी ट्रामला थांबावं लागतं, हे दृश्य बघून माझ्यातला कुर्डुवाडीकर सुखावला. मग द्राक्षांचे मळे, मग झाडीतला चढ, आणि डिपेल्सडॉर्फच्या तळ्यातून गाडी सरळ बांधावरून जाते. दोन्ही खिडक्यांतून पाणीच पाणी. मोरित्सबुर्गला उतरून तळ्यातला पिवळा राजवाडा लांबून पाहिला आणि आयरशेके खाल्ला. हा तीन थरांचा केक, वरचा थर अंड्याचा. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या. मी खाऊन झाल्यावर विचारलं.

तिसरा दिवस, शनिवार : ओशात्स ते म्युगेल्न

ओशात्स हे लायप्झिग-ड्रेस्डेन लाइनीवरचं गाव. ही लाइन १८३९ साली पूर्ण झाली, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या चौदा वर्षं आधी. मोठ्या गाडीतून उतरलो तर फलाटाच्या पलीकडं धूर. काळा नाही, पांढरट, आणि त्या वासानं मी जागीच थांबलो. कोळसा, गरम तेल आणि ओली वाफ. आजोबांच्या खाकी शर्टाला हाच वास होता.

९९ १५७४-५. चार-के. जिवंत.

या छोट्या गाडीचं नाव 'व्हिल्डर रॉबर्ट', म्हणजे रानटी रॉबर्ट. वेग ताशी तीस किलोमीटरच्या आत, तेव्हा रानटीपणा कशात होता कोण जाणे. आठवड्यातले इतर दिवस डिझेल गाडी शाळेच्या पोरांची ने-आण करते, आणि काही ठरावीक शनिवार-रविवारी वाफेचं इंजिन निघतं. आम्ही इंजिनाला लागून असलेल्या डब्याच्या उघड्या व्हरांड्यात उभे राहिलो. भाचीनं पांढरा शर्ट घातला होता. मी काही बोललो नाही.

गाडी हलली आणि मी मोजायला लागलो. चार सिलिंडर आहेत, पण धुराड्यातून फक्त पुढच्या दोघांची वाफ बाहेर पडते, म्हणून कानाला साध्या दोन सिलिंडरांच्या इंजिनासारखेच ठोके येतात. फक्त मऊ. ताज्या वाफेच्या इंजिनासारखे फटाफट नाहीत; दोनदा पिळलेली वाफ ती, तिच्यात तेवढा जोर राहिलेलाच नसतो. दम्याचा माणूस जिना चढताना श्वास टाकतो तसा आवाज.

ओशात्सच्या दक्षिणेच्या स्टेशनानंतर एका ओल्या चढावर चाकं घसरली, आणि मला जे बघायचं होतं ते न मागता मिळालं. साध्या इंजिनाची चाकं घसरली की ती भणाणून फिरत सुटतात, ड्रायव्हरला धावत वाफ तोडावी लागते. इथं मागची जोडी घसरली. म्हणजे तिनं भराभर वाफ पुढं ढकलली, मधल्या नळीत दाब वाढला, आणि त्या दाबानंच मागच्या पिस्टनांना अडवलं. दोन सेकंद खडखडाट, आणि आपोआप ठिकाणावर. पुढची घसरली असती तर उलट : नळीतली वाफ संपली असती आणि ती आपोआप मंदावली असती. एकाचा तोल गेला की दुसरा सावरतो. हे मी भाचीला इतक्या उत्साहानं सांगत होतो की समोरच्या बाकावरचे एक आजोबा, मराठीचा एक शब्दही न कळता, माना डोलवत होते. विषय त्यांना कळला असावा.

नाउनडॉर्फ, श्वेटा, आल्टम्युगेल्न, आणि मग म्युगेल्न. अकरा किलोमीटरच्या या टोकाला अचानक केवढं मोठं यार्ड उघडतं! एके काळी युरोपातलं सगळ्यात मोठं नॅरोगेज स्टेशन म्हणून याचं नाव घेतलं जाई. चहूकडच्या लाइनी इथं मिळायच्या. आता बऱ्याच रुळांत गवत आहे, पण शेड चालू आहे आणि १५६१, १५७४, १५८४ अशी तीन चार-के इथली.

जर्मनीत इतरत्र नॅरोगेज एकामागून एक बंद पडत असताना ही लाइन टिकली कशी? चिनी मातीमुळं. जवळच्या केमलिट्सला खाणी आहेत. १९७५ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, तरी मालगाडीच्या वाघिणी मातीनं भरभरून जात राहिल्या, अगदी २००१ पर्यंत. म्हणजे हे इंजिन संग्रहालयानं वाचवलं नाही. लोणच्याच्या बरण्या जिच्या करतात तसल्या मातीनं वाचवलं.

आणि माल न्यायची तऱ्हा तर बघण्यासारखी. यार्डाच्या कडेला बुटक्या, जमिनीसरशा गाड्यांची रांग उभी आहे. मोठ्या लाइनीवरची अख्खी वाघीण, चाकांसकट, या बुटक्या गाडीवर चढवायची आणि नॅरोगेजवरून ओढत न्यायची. मुलानं बापाला खांद्यावर घ्यावं तसं. कुर्डुवाडीला हा बदल माणसांच्या पाठीवर व्हायचा. आजोबा सांगायचे, ब्रॉडगेजची वाघीण एका बाजूला, छोटी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये हमालांची रांग, दिवसभर पोती. इथं पोतं हलतच नव्हतं, वाघीणच हलत होती.

शेडमधल्या एका स्वयंसेवकानं (वय सत्तरीपुढं, बोटं आजोबांसारखीच काळी) एक जुना फोटो दाखवला. त्यात गाडीच्या सगळ्या डब्यांच्या छपरावरून एक दोरी गेलेली, थेट इंजिनापर्यंत. हा हेबरलाइन ब्रेक. दोरी ताणलेली असली की ब्रेक सुटलेले. ड्रायव्हरनं दोरी ढिली सोडली की डब्याडब्यात वजनं खाली येऊन ब्रेक लागणार. दोरी तुटली तर? तर ब्रेक लागणार. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबते, पळत सुटत नाही. दोरीचा ब्रेक म्हणून मी हसलो होतो, ते हसू गिळलं.

मग त्यांना मनातला प्रश्न विचारला : या इंजिनात मूळचं किती उरलंय?

ते हसले. भाचीनं भाषांतर केलं ते असं : १९६० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या रेल्वेला ही इंजिनं मोडीत काढायची होती, पण त्यांच्या जागी आणायला दुसरं काहीच नव्हतं. म्हणून ग्योरलिट्सच्या वर्कशॉपात एकेक नेऊन नवे, वेल्डिंग केलेले बॉयलर बसवले. जुने रिव्हेटचे होते. बऱ्याच इंजिनांच्या तर चौकटीही बदलल्या. पाण्याच्या टाक्या, ड्रायव्हरची केबिन, नळ्या, चाकांचे टायर तर बदलतच असतात. "मग जुनं काय राहिलं?" मी. त्यांनी क्षणभर विचार करून नंबरच्या पाटीवर टकटक केलं.

आणि पाटीही मूळची नाही, हे मला नंतर सुचलं. १९७० मध्ये रेल्वेत कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांचे नंबर बदलले. शेवटचा डॅशनंतरचा आकडा तपासणीसाठी असतो. भाची कॉम्प्युटरची विद्यार्थिनी, तिनं तिथंच बोटांवर गणित केलं : एक आड एक आकड्याची दुप्पट करायची, दोन अंकी आलं तर अंकांची बेरीज करायची, सगळं मिळवायचं आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते पाहायचं. ९९ १५७४ ला पाच. बरोबर! "मामा, हे तर आपल्या डेबिट कार्डाच्या नंबरचंच गणित आहे." वाफेचं इंजिन पाहायला आलेल्या पोरीला सगळ्या दिवसात आवडलेली गोष्ट ही.

चौथा दिवस, रविवार : केम्निट्स, आणि पुढं डोंगरात

सगळीच्या सगळी ९६ इंजिनं जिथं बनली ते शहर. रिशार्ड हार्टमान हा मूळचा अल्सासचा लोहार. १८३२ मध्ये फिरत फिरत इथं आला, आधी सूतगिरण्यांची यंत्रं बनवली आणि १८४८ मध्ये पहिलं रेल्वे इंजिन. त्याचं नाव 'ग्ल्युक आउफ'. गंमत अशी की केम्निट्समध्ये रेल्वे आली १८५२ मध्ये. म्हणजे रूळ नसलेल्या गावात इंजिनं बनत होती, आणि ती रस्त्यानं घोडे जुंपून न्यावी लागत! गुरुवारी संग्रहालयाचं सांगताना राहिलं, ड्रेस्डेनला हार्टमानचं १८६१ सालचं 'मुल्डेनटाल' इंजिनही उभं आहे. चार हजारांहून जास्त इंजिनं या कारखान्यानं बनवली आणि १९३० च्या मंदीत तो बुडाला.

सकाळभर आम्ही कारखान्याची जागा शोधत हिंडलो. हार्टमानच्या नावाचा रस्ता सापडला. बाकी रुंद रस्ते, ट्रामचे खांब, कोऱ्या इमारती. युद्धात शहराचा मध्यभाग जवळजवळ सपाट झाला होता. १९५३ ते १९९० या शहराचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, आणि मार्क्सचं सात मीटर उंच ब्राँझचं डोकं अजून चौकात आहे. नुसतं डोकं. त्याच्यासमोर बसून आम्ही डब्यातल्या दशम्या आणि चटणी खाल्ली. दोन पोरं स्केटबोर्ड घेऊन डोक्याभोवती गरगर फिरत होती.

दुपारी आनाबेर्गची गाडी. झ्शोपाऊ नदीच्या दरीतून जाते, आणि खिडकीशी बसायचं कारण म्हणजे दोन स्टेशनं. पहिलं शार्फेनश्टाइन, इथं पूर्व जर्मनीचे फ्रिज बनायचे. १९९३ मध्ये ओझोनला घातक वायू न वापरणारा फ्रिज बाजारात आणला तो इथल्याच कारखान्यानं. दुसरं वोल्केनश्टाइन. १८९२ मध्ये, चार-के जन्मलं त्याच वर्षी, इथून योश्टाटला छोटी लाइन निघाली, प्रेसनिट्स नदीच्या काठानं २३ किलोमीटर. या लाइनीलाही शेवटपर्यंत धरून ठेवलं ते फ्रिजनीच. नीडरश्मीडेबेर्गला त्यांच्या कारखान्याची शाखा होती, आणि प्रवासी गाड्या बंद झाल्यावरही चार-के त्यासाठी १९८६ पर्यंत माल ओढत राहिलं. मग तेही थांबलं, आणि रूळ उचलून टाकले. वोल्केनश्टाइनला गाडी दोन मिनिटं थांबली. छोट्या लाइनीची जागा मला ओळखता आली नाही.

आनाबेर्गहून शेवटची बस आमच्या डोळ्यांदेखत गेली. थांब्यावरच्या कागदावर बारीक अक्षरात एक टीप होती, की ही फेरी सुटीच्या दिवशी दहा मिनिटं आधी. भाचीला जर्मन येतं, पण टिपा वाचण्याएवढा धीर तिला माझ्याकडूनच मिळाला नाही. टॅक्सीचे पैसे मी दिले, ते न्याय्यच होतं.

पाचवा दिवस, सोमवार : योश्टाट

हा सोमवार इथं सुटीचा, म्हणून गाड्या जास्त. रात्री पाऊस पडून गेला होता. योश्टाट गाव वर डोंगरावर आणि स्टेशन खाली ओढ्यापाशी. चेक सीमा हाकेच्या अंतरावर. ज्या प्रेसनिट्स गावावरून नदीला नाव पडलं ते सीमेपलीकडं होतं. १९७० च्या दशकात ते पाडून त्यावर धरणाचं पाणी सोडलं. नदीला लावलेलं नाव आहे, गाव नाही.

इथला प्रत्येक माणूस भेटल्यावर 'ग्ल्युक आउफ' म्हणतो. खाणकामगारांचा नमस्कार आहे तो, जमिनीखालून सुखरूप वर या अशा अर्थाचा. हार्टमाननं पहिल्या इंजिनाला हेच नाव का दिलं असेल, ते आता कानांनी कळलं.

आजची गाडी ९९ १५६८-७. भाचीनं उतरता उतरताच गणित करून सात बरोबर असल्याचं जाहीर केलं.

योश्टाट ते श्टाइनबाख आठ किलोमीटर. ही लाइन म्हणजे काय हे कळायला एकच गोष्ट पुरे : उचलून टाकलेले रूळ लोकांनी पुन्हा टाकले. सरकार नव्हे, कंपनी नव्हे. हौशी मंडळींची संस्था. कुणी शिक्षक, कुणी इलेक्ट्रिशियन, शनिवार-रविवारी खडी टाकणारे. १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्यानं आणि २००० मध्ये श्टाइनबाखपर्यंत. पूलही पुन्हा बांधले. फक्त नदी, दरी आणि वळणं जुनी.

वळणांवर मी सारखा बाहेर डोकावत होतो. खिडकीतून इंजिन दिसतं तेव्हा स्पष्ट कळतं, पुढची बोगी वळलेली, बॉयलर अजून सरळ, मग बॉयलर वळतो तोवर मागची बोगी वळायला लागलेली. लावणीतल्या बाईची मान, कंबर आणि पाय वेगवेगळ्या वेळी वळतात तसं. (भाचीनं या उपमेवर आक्षेप नोंदवला आहे.) श्मालत्सग्रुबेला पाणी भरलं. पुढं जुन्या खाणीपाशी बरेच लोक उतरले, ती आता बघायला उघडी असते. आम्ही श्टाइनबाखपर्यंत गेलो, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागताना पाहिलं, आणि परतलो. भाचीचा पांढरा शर्ट एव्हाना राखाडी होता.

परतताना शेडपाशीच उतरलो, आणि तिथं हिरव्या रंगाचं, चकचकीत, तीन आसांचं एक चिमुकलं इंजिन उभं. पाटीवर ५४. हे 'एक-के'. तेच, १८८१ चं पहिलं मॉडेल, जे लहान पडलं म्हणून चार-के आलं. पण मूळ एक-के पैकी एकही उरलेलं नाही. मग हे? हे २००९ मध्ये मायनिंगेनच्या वर्कशॉपात, जुन्या नकाशांवरून, वर्गणी गोळा करून नवंकोरं बांधलंय. 

मी दोघांच्या मध्ये उभा राहिलो. डावीकडे वयानं मोठ्या जातीचं, पण भाचीपेक्षाही लहान इंजिन. उजवीकडे त्याच्या नंतरच्या जातीचं, पण अजूनही धावणारं, बॉयलर बदललेलं, ठिगळाठिगळाचं. जुनं ते सोनं म्हणायचं तर यातलं जुनं कुठलं? ड्रेस्डेनचं थंडगार ९९ ५३५ आठवलं आणि ते काळे-पिवळे दगड. घरी एक गोधडी आहे. आजीची म्हणतो आम्ही. वरचं पातळ आईचं आहे, आतली धोतरं आजोबांची होती ती कधीच विरली, टाके तर गेल्या वर्षी बायकोनं घातले. तरी ती आजीचीच.

इंजिनाखाली वाकून ग्रीस लावणारा एक माणूस बाहेर आला. चाळिशीचा असेल. कुठून आलात विचारल्यावर मी कुर्डुवाडी सांगितलं, ते त्याला अर्थातच माहीत नव्हतं. मग म्हटलं, मुंबईजवळ माथेरान नावाचा डोंगर आहे, १९०७ पासून दोन फुटी गाडी चढते, आणि तिची सुरुवातीची इंजिनं जर्मनीतलीच, ओरेनश्टाइन उंड कोपेलची. तीन आसांची टँक इंजिनं.

"क्लीन-लिंडनर!" तो ओरडलाच.

मला वाटलं होतं, ही गोष्ट आपल्याकडच्या पाच-पंचवीस वेड्यांनाच माहीत असणार. क्लीन आणि लिंडनर हे सॅक्सनीच्याच सरकारी रेल्वेचे इंजिनिअर. वळणाचं तेच कोडं त्यांनी वेगळ्या तऱ्हेनं सोडवलं. त्यानं हातातलं ग्रीस पुसलं आणि बफरवरच्या काजळीत बोटानं चित्र काढून भाचीला समजावलं : चाकं एका पोकळ नळीवर बसवायची. नळीच्या आत खरा आस, तो चौकटीत घट्ट, तोच फिरून नळीला फिरवतो. नळी आणि आस फक्त मध्यभागी एका गोळ्यावर टेकलेले. त्यामुळे आस सरळच राहतो, पण बाहेरची नळी चाकांसकट थोडी तिरकी होते, थोडी बाजूला सरकते. दोन बोगी नकोत, वाकणाऱ्या वाफेच्या नळ्या नकोत. सॅक्सनीनं अशी चार आसांची इंजिनं बनवली, त्यांना 'पाच-के' म्हणायचे.

"ती कुठं बघायला मिळतील?" भाचीनं विचारलं.

त्यानं मान हलवली. एकही उरलं नाही. सगळी भंगारात गेली. मग माझ्याकडे वळून तो काहीतरी लांबलचक बोलला, आणि भाची हसायला लागली.

"मामा, तो म्हणतोय, आमच्या लिंडनरचा आस बघायचा तर आता मलाच तुमच्याकडे यावं लागणार. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात एक आहे ते त्याला माहीत आहे. पण त्याला ती लाइनच बघायचीय, वळणांसकट. गाडी सुटते कुठून, असं विचारतोय."

"नेरळ," मी म्हटलं.

त्यानं खिशातून मळकट वही काढली. "नेरल?"

"नेरळ. ळ."

"नेरर्ल."

मागं १५६८ ची शिट्टी झाली. त्यानं वही माझ्यापुढं धरली, मी देवनागरीत लिहून दिलं, आणि तो त्या ळ कडे बघत, जीभ टाळूला लावून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत इंजिनाखाली गेला.